गर्विष्ठ ज्ञान आणि ईश्वरी सुज्ञता : ख्रिस्ती जीवनातील एक आवश्यक विवेक

प्रास्ताविक

मालवणच्या दक्षिणेस तारकर्लीचा किनारा आहे. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदी आणि मध्ये माडांच्या सावलीतील चिंचोळी वस्ती अशी या गावाची रचना आहे. ही भूपट्टी पुढे देवबागेत संपते व तेथेच कर्ली नदी समुद्रास मिळते. आज हा परिसर पर्यटनामुळे व समुद्राखालील डायव्हिंगमुळे सर्वत्र ठाऊक झाला असला, तरी येथील जुना व्यवसाय मासेमारीचाच आहे.

काही वर्षांपूर्वी युवक-युवतींच्या एका शिबिरानिमित्त आम्ही येथे आलो होतो. संगमाच्या मुखातून होडीने बाहेर पडून किनाऱ्याचे दर्शन घ्यावे, असा सर्वांचा बेत होता. अभियांत्रिकीचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाने मोबाईलवर हवामानाचा अंदाज पाहिला. वारा मंद होता, लाटांची उंचीही बेताची होती. परंतु वयोवृद्ध तांडेलाने मुखाकडे एकवार पाहिले आणि भरती लागेपर्यंत होडी बाहेर काढण्यास नकार दिला. मुलांची बाजू घेऊन आम्हीही त्यांच्याशी वाद घातला. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "फादर, दर्यो माका कळता असा जो सांगता, तेच्या होडयेत बसू नकात."

नंतर त्यांनी कारणही समजावून दिले. ओहोटीचे पाणी नदीतून वेगाने बाहेर पडते, समोरून समुद्राची लाट आत येते आणि वाळूच्या दांड्यावर दोहोंची टक्कर होऊन उभ्या लाटा उठतात. मोबाईलवरील अंदाज खोटा नव्हता. तो खुल्या समुद्राविषयी होता, मुखाविषयी नव्हता. आपल्याजवळ असलेले ज्ञान नेमके कोठपर्यंत पुरते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. तांडेलास ते ठाऊक होते. वीस मुलांची जबाबदारी आमच्यावर असताना आम्ही वाद घातला, याची आम्हांस आजही खंत वाटते.

तांडेलाचे हे शहाणपण अनुभवातून आलेले, मानवी शहाणपण होय. ईश्वरी सुज्ञता हे पवित्र आत्म्याचे दान असून ते याहून निराळे आहे. तथापि आपल्या ज्ञानाची सीमा ओळखल्याखेरीज या दोहोंपैकी एकही लाभत नाही. आज आपल्या धर्मग्रामांत शिक्षण वाढले आहे, धार्मिक माहितीही प्रत्येकाच्या हातातील मोबाईलवर येऊन पोहोचली आहे. अशा वेळी ज्ञान व सुज्ञता यांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात पवित्र शास्त्र, ख्रिस्तसभेची शिकवण आणि आपल्या भूमीतील काही साक्षी यांच्या आधारे या विषयाचा विचार केला आहे.

शब्दांचा अर्थ

या विषयात मराठी वाचकाची एक अडचण होते. आपल्या बायबलच्या मराठी भाषांतरांत 'ज्ञान' हा एकच शब्द पुष्कळदा दोन निरनिराळ्या अर्थांनी येतो. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत मात्र 'ग्नोसिस' व 'सोफिया' असे दोन शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ जाणणे, माहीत असणे. दुसऱ्याचा अर्थ सुज्ञता, शहाणपण. जुन्या करारातील हिब्रू 'होखमा' या शब्दात तर कारागिराच्या हातातील कौशल्यापासून राजाच्या न्यायबुद्धीपर्यंत सर्व काही सामावते. निर्गमच्या ग्रंथात निवासमंडपाचे काम करणाऱ्या बसालेलास देवाने हीच होखमा दिल्याचे सांगितले आहे (निर्गम ३१:१-५). म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने सुज्ञता ही केवळ पुस्तकी बाब नाही.

लॅटिन भाषेत सुज्ञतेला 'सापिएन्सिया' म्हणतात. त्याच्या मुळाशी 'चव घेणे' या अर्थाचे क्रियापद आहे. साखर गोड असते हे वाचून कळणे वेगळे आणि ती जिभेवर ठेवणे वेगळे. देव प्रेमळ आहे, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करता येते. परंतु त्या प्रेमाची चव ज्याने घेतली, तो आपल्या शेजाऱ्याशी वेगळ्या रीतीने वागू लागतो.

आपल्या लोकभाषेनेही हा भेद ओळखला आहे. 'अतिशहाणा त्याचा बैल रिकामा' असे आपण म्हणतो. शहाणपणाचा अतिरेक झाला की ते शहाणपण राहत नाही, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते.

पवित्र शास्त्राची शिकवण

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात पहिल्या मोहाचे स्वरूप ज्ञानाशीच निगडित आहे. तेथे दोष जाणण्याच्या इच्छेत नाही. देवाने मनुष्याला बुद्धी दिली ती वापरण्यासाठीच. दोष आहे तो देवाच्या हातून घ्यावयाचे ते त्याला बाजूस सारून हिसकावून घेण्यात.

याउलट शलमोनाचे उदाहरण आहे. गिबोन येथे देवाने त्याला हवे ते मागावयास सांगितले, तेव्हा त्याने दीर्घायुष्य, धन वा शत्रूंचा नाश न मागता ऐकणारे अंतःकरण मागितले (१ राजे ३:५-१४). त्याने 'मला सर्व कळू दे' असे म्हटले नाही, 'मला ऐकता येऊ दे' असे म्हटले, हे लक्षात घ्यावे. या दानाचा पहिला उपयोग झाला तो एका बालकासाठी भांडणाऱ्या दोन अनाम, समाजाने तुच्छ लेखलेल्या स्त्रियांचा न्याय करताना. परंतु त्याच ग्रंथाचा अकरावा अध्याय सांगतो की, उतारवयात शलमोनाचे अंतःकरण देवापासून ढळले. सुज्ञता एकदा मिळाली की कायमची आपली झाली, असे समजता येत नाही.

ईयोबाच्या ग्रंथातील मित्रांची गोष्ट धर्मशिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने वारंवार वाचावी. सात दिवस ते दुःखी मित्राजवळ मुकाट बसले (ईयोब २:१३), तोवर त्यांचे वर्तन योग्य होते. बोलू लागले तेव्हा त्यांनी देवाविषयी अनेक शास्त्रशुद्ध वाटणारी विधाने केली. तरीही अखेरीस देवाचा कोप त्यांच्यावरच झाला (ईयोब ४२:७). सिद्धान्त मुखोद्गत असूनही समोरच्या माणसाचे दुःख त्यांना दिसले नाही. याच ग्रंथाचा अठ्ठाविसावा अध्याय म्हणतो की, मनुष्य डोंगर फोडून चांदी-सोने बाहेर काढतो, पण सुज्ञतेचे ठिकाण त्याला सापडत नाही; प्रभूचे भय हीच सुज्ञता होय. हे भय चाबकाचे नव्हे, तर आपण निर्माणकर्ते नसून निर्मिलेले आहोत या जाणिवेचे आहे.

करिंथ येथील धर्मसभेस संत पौलाने लिहिलेले पहिले पत्र या विषयाचा गाभा आहे. मूर्तींस अर्पण केलेले मांस खावे की नाही, असा तेथे वाद होता. काही सुशिक्षित ख्रिस्ती म्हणत की, मूर्ती काहीच नसल्याने ते मांस खाण्यास हरकत नाही. तत्त्वतः त्यांचे म्हणणे बरोबर होते आणि पौलालाही ते मान्य होते. परंतु त्यांच्या त्या मोकळेपणामुळे श्रद्धेत नवख्या असलेल्या बांधवांच्या सद्‌विवेकबुद्धीस ठेच लागत होती. म्हणून पौल बजावतो की ज्ञान माणसाला फुगवते, प्रीती मात्र उभारणी करते; आणि ज्याच्यासाठी ख्रिस्त मरण पावला, तो बंधू तुझ्या ज्ञानामुळे नष्ट होऊ नये (१ करिंथ ८:१-१३). एखादी गोष्ट बरोबर असणे ख्रिस्ती माणसास पुरेसे नाही, हा या अध्यायाचा बोध आहे.

संत याकोब वरून येणाऱ्या सुज्ञतेची लक्षणे सांगतो : ती शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, दुसऱ्याचे ऐकून घेणारी, दयेने भरलेली व निष्कपट असते. जेथे मत्सर व तट पाडण्याची वृत्ती असते, तेथील शहाणपण वरून आलेले नसते (याकोब ३:१३-१८). आणि सर्वांचा कळस म्हणजे प्रभू येशू स्वतः. तोच आपल्यासाठी देवाची सुज्ञता झाला आहे (१ करिंथ १:३०) आणि ज्ञानी व विचारवंत यांच्यापासून गुप्त ठेवलेल्या गोष्टी बालकांना प्रकट केल्याबद्दल त्याने पित्याचे स्तवन केले (मत्तय ११:२५).

एक कबुली

करिंथच्या त्या अध्यायाचा अर्थ आम्ही सेमिनरीत शिकलो होतो, परीक्षेत लिहिलाही होता. परंतु तो आम्हांस एका वृद्ध मावशींनी शिकवला. दीक्षेनंतरच्या पहिल्याच वर्षी एका वाडीत रोझरीच्या प्रार्थनेस गेलो असता, प्रार्थनेत पुढाकार घेणाऱ्या त्या मावशींच्या शब्दांतील चुका आम्ही सर्वांसमोर दुरुस्त केल्या. आमच्या दुरुस्त्या व्याकरणदृष्ट्या अचूक होत्या. पुढच्या आठवड्यापासून मावशींनी पुढाकार घेणे सोडले आणि हळूहळू त्या वाडीतील प्रार्थनाच बंद पडली. तीन महिन्यांनी आम्हांस हे कळले, तेव्हा क्षमा मागण्यासाठी त्यांच्या घरी गेलो. त्या एवढेच म्हणाल्या, "फादर, माका वाचूक येना नाय. आवशीन शिकयल्यान तसा मी म्हणतंय."

मावशींनी पुन्हा माळ हाती घेतली. तथापि पूर्वी येणारी सगळी कुटुंबे परत आली नाहीत. एका बरोबर असलेल्या दुरुस्तीची ही किंमत होती आणि ती आम्ही नव्हे, त्या वाडीने मोजली.

ख्रिस्तसभेची शिकवण

वरील विवेचनावरून ख्रिस्तसभा ज्ञानाच्या विरोधात आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. यशयाच्या अकराव्या अध्यायाच्या आधारे ख्रिस्तसभा पवित्र आत्म्याची सात दाने सांगते : सुज्ञता, समज, सुमंत्रणा, धैर्य, ज्ञान, धर्मशीलता व प्रभूचे भय (कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ, परिच्छेद १८३१). या यादीत सुज्ञतेबरोबर ज्ञानही आहे. दृढीकरण संस्काराच्या वेळी आपणांसाठी ही दाने मागितली जातात. शत्रू ज्ञान नव्हे, गर्व आहे. आणि त्याच ग्रंथात सप्त मूळ पापांच्या यादीत गर्वाचे नाव प्रथम येते (परिच्छेद १८६६).

संत थॉमस अक्वायनस यांनी अभ्यासूपणा हा सद्‌गुण व वायफळ जिज्ञासा हा दुर्गुण असा भेद केला. दुसऱ्याला हिणवण्यासाठी किंवा स्वतःस मिरवण्यासाठी मिळवलेले ज्ञान दुसऱ्या प्रकारात मोडते. सुज्ञतेचे नाते त्यांनी प्रीतीशी जोडले. कारण ज्यावर आपण प्रेम करतो, त्याला आपण आतून ओळखू लागतो. याच महापंडिताने ६ डिसेंबर १२७३ रोजी मिस्सा अर्पण करताना आलेल्या अनुभवानंतर लेखणी खाली ठेवली. जे पाहिले त्यापुढे आजवर लिहिलेले सर्व काही गवताच्या काडीसारखे वाटते, असे त्यांनी आपल्या सहकाऱ्यास सांगितल्याचे नमूद आहे. ७ मार्च १२७४ रोजी त्यांचे निधन झाले. ख्रिस्तसभेने त्यांचे ग्रंथ टाकून दिले नाहीत, आजही ते अभ्यासले जातात. परंतु लेखकाची ती नम्रताही तिने जपून ठेवली.

लॅटिनच्या अभ्यासात वारंवार अडखळलेले संत जॉन मरी व्हियानी १८१५ मध्ये धर्मगुरू झाले आणि आर्स या लहानशा गावात त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी दूरदूरहून लोक येत राहिले. औपचारिक शिक्षण न लाभलेल्या सिएनाच्या संत कॅथरीन यांना १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या आचार्यपदाचा मान दिला.

अलीकडच्या काळात पोप फ्रान्सिस यांनी १९ मार्च २०१८ च्या 'गाउदेते एत एक्सुल्ताते' या प्रबोधनपत्रात पावित्र्याच्या दोन शत्रूंपैकी एक म्हणून ज्ञानवादाचा उल्लेख केला. माणसाची पूर्णता त्याच्या माहितीवरून नव्हे, तर त्याच्या प्रीतीच्या खोलीवरून मोजली जाते, हा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी संत अँथनींना धर्मबंधूंस ईशज्ञान शिकवण्याची परवानगी देताना, अभ्यासामुळे प्रार्थनेचा आत्मा विझू नये एवढीच अट घातली होती, याचीही तेथे आठवण दिली आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी प्रसिद्ध केलेल्या 'अंतिक्वा एत नोव्हा' या टिपणातही, यंत्राला माहिती हाताळता येत असली तरी अंतःकरणाची सुज्ञता मनुष्यानेच जोपासावयाची आहे, हेच सूत्र आढळते.

आपल्या भूमीतील साक्ष

या शिकवणीची उदाहरणे शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये १५४९ साली जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले व सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टी भागात सेवा केली. युरोपातील विद्येचे संस्कार त्यांच्यावर झाले होते. तरीही लोकांनी आपली भाषा शिकावी असा हट्ट न धरता ते स्वतः विद्यार्थी झाले आणि येथील लोकांची भाषा, छंद व पुराणकथनाची रीत शिकले. नवख्रिस्ती लोकांना वाचावयास, ऐकावयास आपल्या भाषेत काही हवे होते. त्या गरजेतून त्यांनी मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले. पहिल्या पुराणात जुन्या कराराची व दुसऱ्यात प्रभू येशूच्या जीवनाची कथा आहे. एकूण १०,९६२ ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. नागरी लिपीचे खिळे तेव्हा उपलब्ध नव्हते. कोकणी भाषेचे त्यांनी लिहिलेले व्याकरण त्यांच्या निधनानंतर, १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्ञान त्यांच्यापाशी विपुल होते. सुज्ञता ही की, ते त्यांनी ऐकणाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत नेले.

याच प्रदेशात याच्या उलट घटनाही घडली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा वापरावी, असे फर्माविले. सत्तेच्या गर्वाने दुसऱ्याची भाषा अज्ञान ठरवली. हुकूम इतिहासजमा झाला. आपल्या घरांतील बोली आजही प्रार्थनेत उच्चारली जाते.

दुसरी साक्ष पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांची. त्या कॅथलिक नव्हत्या, तथापि मराठी ख्रिस्ती जीवनाच्या इतिहासात त्यांचे स्थान सर्वमान्य आहे. संस्कृत विद्येतील अधिकारामुळे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी कबूल केले की, बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे आपणांस ख्रिस्ताचा धर्म बुद्धीने पटला होता, परंतु ख्रिस्त भेटला नव्हता. अशी कबुली देण्यास पांडित्यापेक्षा मोठे धैर्य लागते. केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळपीडित स्त्रिया व मुलींना आसरा दिला. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना समजावे म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. हे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत चालविले. संस्कृत पंडितेने बोजड शब्द गाळण्यासाठी आपली सर्व विद्या वेचली.

गोव्याच्या बाणावली गावी १६५१ मध्ये जन्मलेले संत जोसेफ वाझ हेही याच परंपरेतील. छळाच्या काळात श्रीलंकेत जाऊन त्यांनी तमिळ व सिंहली भाषा आत्मसात केल्या आणि धर्मगुरूंविना राहिलेल्या ख्रिस्ती लोकांची सेवा केली. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

आत्मपरीक्षणासाठी काही प्रश्न

गर्विष्ठ ज्ञान बहुधा पुण्याचा वेष घेऊन येते. म्हणून ते दुसऱ्यात चटकन दिसते, स्वतःत दिसत नाही. पुढील प्रश्न प्रायश्चित्त संस्काराच्या तयारीत उपयोगी पडतील.

१. धर्मग्रामाच्या सभेत मी बोलतो तेव्हा प्रश्न सुटावा ही माझी इच्छा असते, की माझे म्हणणे खरे ठरावे ही?

२. मोबाईलवर आलेला धार्मिक मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी तो सत्य आहे का व कोणास दुखावणारा आहे का, याचा मी विचार करतो का?

३. कमी शिकलेल्या व्यक्तीकडून मी शेवटचे कधी काही शिकलो?

४. 'मला ठाऊक नाही' किंवा 'माझे चुकले' हे शब्द माझ्या तोंडून घरात, मुलांसमोर निघतात का?

५. माझ्या आईवडिलांच्या साध्या भक्तीची मला लाज वाटते का?

शेवटचा प्रश्न आम्ही विशेषतः शिक्षण-नोकरीनिमित्त मुंबई, पुणे व परदेशी गेलेल्या आपल्या तरुणांसमोर ठेवतो. आपल्या शिक्षणासाठी ज्यांनी कष्ट उपसले, त्यांच्या श्रद्धेला अडाणी समजणे हा कृतघ्नपणा होय. त्याचबरोबर वडीलधाऱ्यांनीही तरुणांच्या प्रामाणिक प्रश्नांस उद्धटपणा समजून गप्प करू नये. अनुभवाचाही गर्व होऊ शकतो.

सुज्ञता कशी मागावी

पहिली गोष्ट म्हणजे ती मागावी लागते. ज्याला सुज्ञतेची उणीव आहे त्याने देवाकडे मागावे, तो दोष न लावता उदारपणे देतो, असे याकोब सांगतो (याकोब १:५). ज्ञानग्रंथाच्या नवव्या अध्यायातील प्रार्थना यासाठी उत्तम असून महत्त्वाच्या निर्णयापूर्वी ती कुटुंबाने एकत्र वाचावी.

दुसरे, पवित्र शास्त्राचे वाचन माहितीसाठी नव्हे, तर ऐकण्यासाठी करावे. दररोज शुभवर्तमानातील थोडाच भाग घ्यावा, थांबावे, आणि 'प्रभू आज मला काय सांगतो' असे विचारावे. पवित्र मरिया न समजलेल्या गोष्टीही अंतःकरणात जपून ठेवीत असे (लूक २:१९, ५१).

तिसरे, अभ्यास सोडू नये. धर्मशिक्षणाचे वर्ग, बायबल वर्ग, चांगली पुस्तके यांची आपणांस गरज आहे. आळसाला नम्रतेचे नाव देणे हीसुद्धा फसवणूकच. मात्र जे शिकलो ते कोणाच्या तरी सेवेस लावावे : कोणाचा अर्ज लिहून द्यावा, मुलाचा अभ्यास घ्यावा, आजाऱ्यापाशी बसून वचन वाचावे. सेवेत उतरलेल्या ज्ञानाला फुगण्यास सवड मिळत नाही.

चौथे, चूक दुरुस्त करण्याची वेळ आली तर ती एकांतात, प्रेमाने व योग्य वेळी करावी (मत्तय १८:१५). हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो आहोत.

समारोप

तारकर्लीच्या त्या दिवशी भरती लागल्यावर तांडेलाने आम्हांस होडीत बसवले व सुखरूप फिरवून आणले. होडी मुखातून जात असताना मोबाईल पाहणारा तो तरुण त्यांच्या शेजारी बसून पाण्याच्या रंगाविषयी प्रश्न विचारीत होता आणि तेही त्याच्याकडून अंदाज कसा पाहावयाचा हे समजून घेत होते. आपल्या धर्मग्रामांत शिकलेले व न शिकलेले, तरुण व वृद्ध असेच शेजारी बसावेत, अशी आमची प्रार्थना आहे.

हे प्रभू, तू दिलेल्या बुद्धीबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. जे आम्हांस कळते ते प्रेमाने वापरण्याची आणि जे कळत नाही ते नम्रपणे तुझ्या हाती सोपवण्याची सुज्ञता आम्हांस दे. आमेन.